राखीव यादीची तीन पाने

माझा मोठा भाऊ मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी सव्वासहा वाजता, पुंडलिकनगरमधल्या त्याच्या घराच्या गच्चीवर वारला. वय चौसष्ट. कुंड्यांना पाणी घालायला तो वर गेला होता. झारी अर्धी भरलेली सापडली.

त्याआधी चार महिने त्याचे पुस्तक निघाले होते. त्याने लिहिलेले ते एकच पुस्तक. ते चौसष्ट पानांचे होते आणि सदुसष्ट पानांचे असायला हवे होते. तीन पाने मी कापली.

भाऊ हवाई दलात होता, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाला. नोकरीची शेवटची बरीच वर्षे तो उडत्या विमानांना हवेतच इंधन देणाऱ्या युनिटमध्ये होता. मोठ्या चार इंजिनांच्या विमानातून लांब नळी मागे सोडायची, नळीच्या टोकाला टोपली असते, मागून येणारे लढाऊ विमान आपल्या नाकापुढचा दांडा त्या टोपलीत घुसवते, आणि दोन्ही विमाने उडत असतानाच इंधन एकातून दुसऱ्यात जाते. भाऊ शेपटीत, मागे तोंड करून बसायचा. नळीवर नजर ठेवायची, आणि मागे काय चालले आहे ते वैमानिकाला सांगायचे, कारण वैमानिकाला मागचे दिसत नाही.

आमच्या आईला हे कधी नीट समजले नाही. पोरगा काय करतो असे कुणी विचारले की ती सांगायची, "विमानाला पाणी पाजतो." गावाकडचे चुलते त्याला आभाळातला पंपवाला म्हणायचे. रजेवर आला की एकजण हमखास विचारायचा, "काय पंपवाले, आमच्या मोटरसायकलीत हवा भरता का?" भाऊ म्हणायचा, "भरतो की. दहा हजार फुटांवर आणा."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. कार्यालय औरंगपुऱ्यात होते. बत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या. बातमीत सगळ्यात महत्त्वाचे आधी येते, कमी महत्त्वाचे नंतर, आणि सगळ्यात कमी महत्त्वाचे शेवटी. जागा कमी पडली की खालून कापायचे. पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, आणि नंतर हात आपोआप तिथेच जातो.

शहरातल्या माजी वायुसैनिकांच्या मंडळाने ठरवले की युनिटचा इतिहास मराठीत निघावा. त्यांच्यात मराठी लिहिणारे दोघे होते. एकाने मोतीबिंदूचे कारण सांगितले, म्हणून काम भावाकडे आले. त्याने आठ महिने लिहिले, रेघांच्या कागदावर, एका बाजूला, निळ्या शाईत. नोंदवहीत लिहावे तसे लिहिले. आधी घडले ते आधी.

मजकूर चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. विमाने परदेशातून आली तेव्हा आतल्या भिंतींवरच्या सूचना कुणालाच वाचता येत नव्हत्या, मग यांनी त्यांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून हिंदीत लिहिले. एका पट्टीवर कुणीतरी "यहाँ सिर टकराता है" असे लिहिले होते आणि ती सूचना सगळ्यात उपयोगाची ठरली. पहिल्या उड्डाणात टोपली एकदाही पकडली गेली नाही. वैमानिक खाली उतरल्यावर कुणाशी बोलला नाही, आणि स्वयंपाक्याने न विचारता त्याच्या ताटात दुसऱ्यांदा खीर वाढली. अशा गोष्टी भाऊ एका ओळीत लिहायचा आणि पुढे जायचा.

पुस्तकाची जुळणी माझ्याकडे होती. छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होते, चार फॉर्म ठरले होते, म्हणजे चौसष्ट पाने. पाने लावून झाल्यावर मंडळातल्या लोकांनी जुने फोटो पाठवले, पाच पाने भरतील एवढे. फोटो नाकारणे शक्य नव्हते, फोटोतली अर्धी माणसे प्रकाशनाला येणार होती. दोन पाने मी मोठे मथळे आणि मोकळी जागा कमी करून काढली. राहिली तीन.

शेवटच्या प्रकरणाचा मथळा होता, "राखीव यादीतली माणसे". पहिल्या परिच्छेदात नियम होता. नोकरी संपल्यानंतर ठरावीक काळ वायुसैनिकाचे नाव राखीव यादीवर राहते, गरज पडली तर त्याला परत बोलावता येते. मी एवढे वाचले. हे परिशिष्ट आहे असे ठरवले. छापील तीन पाने होतील एवढा मजकूर काढला. भावाला फोन केला नाही. हस्तलिखित कार्यालयातच होते. तिथे पान छापायला गेले की मूळ कागद टेबलाखालच्या पेटाऱ्यात जातात आणि पेटारा भरला की रद्दीत.

प्रकाशन फेब्रुवारीत, रविवारी सकाळी झाले. भावाने ब्लेझर घातला होता. दुसऱ्या रांगेत पाचोडहून आलेल्या ताई बसल्या होत्या. त्या भावाच्या मित्राच्या पत्नी. हा मित्र पैठण तालुक्यातला, भावाच्याच युनिटमध्ये जमिनीवरच्या कामाला होता, नळ्यांची आणि त्यांच्या रिळांची देखभाल करायचा. तो सतरा वर्षांपूर्वी कामावर असताना गेला. तेव्हापासून भाऊ महिन्यातून एकदा पाचोडला जात असे, आणि दर भाऊबीजेला ताई त्याला ओवाळत. त्यांना सख्खा भाऊ नव्हता.

भावाने पहिली प्रत त्यांना दिली. स्वतः पुस्तक उघडले नाही. मी विचारले तर म्हणाला, "मीच लिवलंय. मी काय वाचू?"

दोन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. वहिनी शेजारी उभ्या होत्या, त्यांनी मला तो फोन नंतर सांगितला. ताई म्हणाल्या, "दादा, वाचलं सगळं. सुनंनं वाचून दाखवलं. लई चांगलं लिवलंय."

भावाने विचारले, "शेवटपर्यंत?"

"व्हय, शेवटपर्यंत. काय नाय सोडलं."

वहिनी म्हणाल्या की फोन ठेवून ते बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले. मग जेवले आणि दुपारी झोपले. दुपारी झोपताना मी यांना लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं, असे त्यांचे शब्द. पुढचे नऊ दिवस तो घरात शीळ घालत होता. वहिनींनी त्याला टोकले, "काय, या वयात?" तो म्हणाला, "वय झालं म्हणूनच."

दहाव्या दिवशी तो बाजाराच्या एसटीने पाचोडला गेला. त्या दिवशी काय झाले ते त्याने स्वतः मला सांगितले. ताईंनी जेवायला वाढले. त्याने विचारले, "शेवटचं वाचून राग नाही आला?"

ताई म्हणाल्या, "राग कामून येईल? फोटू तर लई झ्याक आलेत."

त्याने फडताळातून पुस्तक काढून घेतले, शेवटचे पान उघडले, मग त्याआधीची पाने, आणि पुस्तक मिटून जागेवर ठेवले. ताट पूर्ण जेवला. तिथून घरी न जाता थेट माझ्या कार्यालयात आला. बत्तीस वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच येत होता. रिक्षातून उतरल्यावर त्याला जिना सापडेना, म्हणून मीच खाली जाऊन त्याला वर आणले.

खुर्चीवर बसल्यावर त्याने विचारले, "शेवटची पानं?"

मी म्हणालो, "बसत नव्हती. फोटो उशिरा आले."

"मग कापली."

"खालून कापतात, दादा. सगळीकडं तसंच आहे."

"आमच्यात विमान ताब्यात घेताना वहीतली शेवटची नोंद आधी वाचतात. बिघाड तिथं लिहिलेला असतो."

"मला सांगायचं होतंस, तिथं महत्त्वाचं आहे म्हणून."

"तुला वाचता येतं असं समजलो मी."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून चहा सांगायला गेला. चहा आला, भावाने घेतला नाही. मग त्या तीन पानांत काय होते ते त्याने सांगितले. आवाज चढवला नाही. मी लिहून घेतले नाही. पुढे जे देत आहे ते आठवणीतून आहे.

मित्र नोकरीची मुदत संपवून घरी आला होता. पाचोडला फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान टाकले होते. नाव राखीव यादीवर होते. त्या वर्षी सीमेवर तणाव वाढला, उड्डाणे वाढली, आणि युनिटला नळ्यांवर काम करणारी माणसे कमी पडू लागली. अधिकाऱ्याने भावाला विचारले, जे सोडून गेले त्यांच्यातले कोण आल्या दिवसापासून काम करू शकेल? भावाने कागदावर चार नावे लिहून दिली. पहिले नाव मित्राचे होते.

"दुसरं कुणाचं लिहिणार? त्याचा हात मला माझ्या हातासारखा माहीत होता."

मित्राला बोलावणे आले. तो आला. आल्यावर भावाच्या पाठीत बुक्की मारून म्हणाला, "पंप दुरुस्त करायला सोडलं नाही ना मला? आता मोठा पंप दाखव." तीन आठवडे काम केले. एका दुपारी धावपट्टीजवळच्या काँक्रीटवर, रिळाचे झाकण काढत असताना, तो सावलीत जातो म्हणाला आणि सावलीपर्यंत पोचला नाही. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. कुणाची चूक निघाली नाही. युनिटच्या व्हरांड्यात कामावर असताना वारलेल्यांच्या नावांचा फलक आहे. राखीव यादीतल्या माणसांची नोंद दुसऱ्या कार्यालयात होती, म्हणून फलकावर त्याचे नाव लागले नाही. भावाने तीनदा अर्ज केला. नंतर अधिकारी बदलले.

मित्राचे शव पाचोडला भावानेच आणले. दहाव्या दिवशी ताईंनी त्याला विचारले, "सोडलं व्हतं ना त्यांना? मग परत कुणी बोलावलं?"

भाऊ म्हणाला, "यादी वरून येते."

एवढेच तो खोटे बोलला होता. सतरा वर्षे त्याला ते दुरुस्त करायचे होते. तोंडाने जमत नव्हते. पुस्तकाचे काम त्याने त्यासाठी घेतले. छापून येईल, सून वाचून दाखवेल, आपण समोर नसू. मग ताईंना जे बोलायचे ते त्या बोलतील. फोनवर त्या शेवटपर्यंत वाचले म्हणाल्या तेव्हा त्यांनी आपल्याला माफ केले असे त्याने धरले.

मी म्हणालो, "शुद्धिपत्र छापू. चिठ्ठी करून उरलेल्या सगळ्या प्रतींत चिकटवतो. ताईंच्या प्रतीतही."

"माझे कागद दे."

मी पेटारा पाहिला. पेटारा आठवड्यापूर्वी रिकामा झाला होता.

"पुन्हा लिहून दे," मी म्हणालो. "आता सांगितलंस तसंच."

"नाही. आता मीच सांगीन. तू मधी पडू नकोस."

त्यानंतर तो तीनदा पाचोडला गेला. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री केली, म्हणून वहिनींना कळायचे. पहिल्या वेळी तो मेथीची जुडी घेऊन आला. मी फोन करून विचारले, सांगितलंस का? म्हणाला, "पाहुणे होते तिच्याकडं." दुसऱ्या वेळी वांगी आणली. ताईंच्या नातवाला ताप होता. तिसऱ्या वेळी काही आणले नाही. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "ती पुरणाचं करून बसली होती. जेवलो अन् आलो." हे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. जूनच्या पहिल्या गुरुवारी तो गेला.

तेराव्याला ताई आल्या. वहिनींच्या शेजारी बसून राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, आता आमच्याकडं कोन येनार?" मी म्हणालो, मी येईन.

मी ठरवले ते तिथेच. त्याचा मजकूर मी कापला होता, तो लोकांपर्यंत नेणे माझे काम होते. तो मधी पडू नकोस म्हणाला होता, ते तो जिवंत असेपर्यंतचे, असे मी धरले. पण माझ्याकडे एकाच माणसाची माहिती होती, आणि तो माणूस आता नव्हता. दुसरा दुजोरा हवा होता. युनिटच्या कचेरीतला त्या काळचा एक कारकून दुसऱ्या शहरात राहतो असे मंडळातून कळले. मी त्याला फोन केला.

तो हिंदीत बोलला. चार नावांची चिठ्ठी त्याने स्वतः फायलीला लावली होती. पहिले नाव तेच होते, त्याला आठवत होते, कारण अक्षर सुंदर होते. मी विचारले, बोलावणे त्या चिठ्ठीवरून गेले का?

"ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "वरच्या कार्यालयाकडे आधीच पूर्ण यादी होती. ते आपल्या क्रमाने बोलवायचे. आमची चिठ्ठी कुणी पाहिली की नाही, देव जाणे. तुमच्या भावाने कधी विचारलं असतं तर मी त्यालाही हेच सांगितलं असतं."

भावाने विचारले नव्हते.

शुद्धिपत्र मी लिहिले. ते असे: "संपादकाच्या चुकीमुळे या पुस्तकातील शेवटचे प्रकरण वगळले गेले. या युनिटमधून निवृत्त झालेला पाचोड येथील एक वायुसैनिक राखीव यादीतून परत बोलावला गेला व कामावर असताना वारला. युनिटच्या फलकावर त्याचे नाव नाही. त्याचे नाव लेखकाने सुचवले होते. बोलावणे त्यावरूनच आले, याला दुजोरा मिळालेला नाही." छापील चिठ्ठीत मित्राचे नाव होते. इथे देत नाही.

मंडळाकडे उरलेल्या सगळ्या प्रतींत मी चिठ्ठ्या चिकटवल्या. मग ऑगस्टमध्ये, एका सोमवारी, पाचोडला गेलो. ताई ओसरीवर नुसत्या बसल्या होत्या. मी येणार हे फोनवर कळवले होते. सुनेने पुस्तक आणून दिले. मी डिंकाची बाटली घेऊन गेलो होतो. शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवली आणि त्यांना वाचून दाखवली. नंतर भावाने मला सांगितलेले सगळे सांगितले. मित्राच्या दहाव्याला त्याने त्यांना दिलेले उत्तरही सांगितले. कारकुनाचे म्हणणे सांगितले.

मी थांबल्यावर ताईंनी विचारले.

"दादानं सांगितलं व्हतं का, माझ्या माघारी तिला सांग म्हणून?"

"नाही. पण त्यानं लिहिलं होतं."

"लिवलेलं कुठंय?"

"नाही राहिलं."

"मग तुमी कामून सांगितलं?"

"खरं आहे म्हणून."

त्या थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

"सतरा वर्सं पाट मांडला म्या त्याला," त्या म्हणाल्या. "अन् तो जित्ता असता तर भांडले असते. लई भांडले असते. दारात उभं नसतं केलं सहा म्हैने. मग बोलावलं असतं. आता भांडू कुनासंग? तुमच्यासंग?"

मी म्हणालो, भांडा.

"तुमचा काय संबंध?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. सुनेने चहा आणला. पाचच्या गाडीने मी परत आलो. वहिनींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "यांना तीनदा जमलं नाही, ते उगीच नव्हतं भाऊजी." त्यानंतर दोन आठवडे त्या माझ्याशी कामापुरत्या बोलल्या.

भाऊबीजेला मी पाचोडला गेलो. दर वर्षी भाऊ न्यायचा तशी साडी वहिनींनी काढून दिली होती. घरी सून आणि नातू होते. ताई परसात होत्या, सुनेने हाक मारल्यावर आल्या. साडी घेतली आणि देवापाशी ठेवली. "बसा," म्हणाल्या. पाट मांडलेला नव्हता. मी सतरंजीवर बसलो. त्यांनी फराळाचे ताट आणले, समोर ठेवले, आणि भिंतीला टेकून बसल्या. नातवाच्या शाळेचे बोलणे झाले. कापसाचे झाले. वहिनींच्या गुडघ्यांचे झाले. भावाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी फडताळाकडे पाहिले. पुस्तक त्याच जागी होते, मित्राच्या फोटोशेजारी. वर धूळ नव्हती. मी ते काढले आणि शेवटचे पान उघडले.

चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी वाळलेल्या डिंकाचा चौकोन होता. पान कुठेही फाटलेले नव्हते.